घरी जिंजर बीअर करण्याचे किट : सामान चांगले, पुस्तिका परक्या हवेची

घरच्या घरी पेय आंबवण्याची किट आता ऑनलाइन सहज मिळतात आणि त्यांत ठळकपणे दोन प्रकार आढळतात. पहिल्या प्रकारात जवाच्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) घट्ट अर्क, हॉप्स ही कडवटपणा देणारी फुले आणि यीस्ट असते, आणि त्यातून काही आठवड्यांत खरीखुरी बीअर तयार होते. दुसऱ्या प्रकारात अद्रक, साखर, लिंबाचा आंबटपणा आणि यीस्ट यांच्यापासून जिंजर बीअर, म्हणजे जेमतेम आंबवलेले फसफसणारे पेय करायचे असते. मी दुसऱ्या प्रकारचे किट घेतले आणि त्याचे पहिले कारण कायद्याचे आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि माल्टचे किट विकणाऱ्याच्या पानावर याचा साधा उल्लेखही मला दिसला नाही. यंत्रे, यीस्ट, तापमान, गाळणे, बाटल्या भरणे हा सगळा अभ्यास जिंजर बीअरमध्येही तोच आहे, फक्त अल्कोहोल वाढण्यापूर्वी थांबायचे असते. हे थांबणे मराठवाड्याच्या हवेत किती अवघड आहे आणि त्यासाठी किट कितपत उपयोगी पडते, हेच मला येथे सांगायचे आहे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मद्यविषयक नियमांत अर्धा टक्का ही सीमा मानलेली आहे. त्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय तेथे मद्य धरले जाते. त्यामुळे या परीक्षणात मी सर्वत्र अर्ध्या टक्क्याची मर्यादा धरून चाललो आहे. खोक्यावर मात्र 'शून्य अल्कोहोल' असे ठळक अक्षरांत छापलेले आहे आणि ते खरे असू शकत नाही. यीस्टने साखर खाल्ली की कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल ही दोन्ही बरोबरच तयार होतात. एक हवे आणि दुसरे नको, अशी निवड करण्याची सोय त्यात नाही.

किटची किंमत अडीच हजारांच्या आतबाहेर आहे. खोक्यात पाच लिटरची जाड काचेची बरणी, रबरी बूच, बुचात बसणारा एअरलॉक (आतला वायू पाण्यातून बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी), द्रवाचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर व त्याची उभी नळी, सायफनची नळी, बरणीला चिकटवायची थर्मामीटरची पट्टी, निर्जंतुकीकरणाची पावडर, यीस्टची पुडी, वाळवलेल्या अद्रकाचे तुकडे, सायट्रिक ॲसिड आणि अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या एवढे सामान येते. बाटल्यांची झाकणे चिनी मातीची असून तारेच्या कडीने दाबून बसतात. बांधाबांध उत्तम होती आणि काचेला कोठेही तडा नव्हता. परंतु साधा हिशेब केला तर पाच लिटरच्या बरणीला तीन लिटरच्याच बाटल्या दिलेल्या आहेत. उरलेल्या दोन लिटरचे काय करायचे, याबद्दल पुस्तिका काही सांगत नाही. पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे आणि तिच्यातील प्रत्येक सूचना अठरा ते बावीस अंशांच्या खोलीची कल्पना करून लिहिलेली आहे.

सामानातील बरणी आणि बाटल्या यांना मी पूर्ण गुण देतो. बाटल्या गोल, जाड बुडाच्या आणि दाब सहन करणाऱ्या आहेत. बाजारात याच झाकणाच्या चौकोनी, दिसायला देखण्या बाटल्या निम्म्या किमतीत मिळतात. त्या तेल किंवा सरबत ठेवण्यासाठी असतात आणि वायूच्या दाबाखाली त्यांचे कोपरे प्रथम जातात. किटवाल्याने तेथे काटकसर केलेली नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. रबरी बूच मात्र थोडे सैल बसते आणि बरणीच्या तोंडाशी ओले झाले की सटकते.

यीस्टची पुडी अकरा ग्रॅमची आहे. बीअरचे असे पाकीट साधारण वीस-पंचवीस लिटरसाठी केलेले असते, आणि पाच लिटर जिंजर बीअरला चहाचा पाव चमचा पुरतो. पुस्तिका मात्र पूर्ण पुडी रिकामी करायला सांगते. थंड हवेत त्याने फारसे बिघडत नसावे. येथे मात्र पूर्ण पुडी टाकली तर आंबण्याचा वेग हाताबाहेर जातो आणि पेयाला यीस्टचा उग्र वास राहतो. शिवाय कुरिअरच्या गाडीत आणि गोदामात उन्हाळ्याचे काही दिवस काढून आलेले यीस्ट जिवंत असेलच याची खात्री नसते. वापरण्यापूर्वी थोडे यीस्ट कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसह भिजवून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. वर फेस आला तर ते चांगले आहे. उरलेली पुडी घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावी. बेकरीच्या सामानाच्या दुकानातील यीस्टनेही काम होते, परंतु त्याने पेयाला पावाची चव येते आणि गाळ नीट तळाशी बसत नाही.

वाळवलेल्या अद्रकाच्या तुकड्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ते बाजूला काढून चहाच्या मसाल्यात घालावेत. अद्रक वाळताना त्यातील जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे शोगाऑल होते आणि ते अधिक तिखट असते. सुंठ ओल्या अद्रकापेक्षा झोंबते ती यामुळेच. तिखटपणा वाढतो, पण ओल्या अद्रकाचा लिंबाच्या सालीसारखा ताजा वास निघून जातो आणि पेय काढ्याच्या वाटेने जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद आणि फुलंब्री हे तालुके अद्रकाचे आहेत. अशा ठिकाणी राहून पाकिटातील वाळके तुकडे उकळणे हे मला तरी पटत नाही. कन्नडकडील ओळखीच्या एका शेतकऱ्याला मी हे पेय कशासाठी करतो आहे ते सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नवं अद्रक नेऊ नका, जुनं न्या. नव्यात पाणीच लई असतं." त्यांचे म्हणणे अचूक निघाले. नव्या अद्रकाची साल पातळ, धागा कमी आणि तिखटपणाही कमी असतो; पूर्ण पोसलेल्या जुन्या अद्रकाचा अर्क कमी वजनात अधिक उतरतो. पाच लिटरला दोनशे ते अडीचशे ग्रॅम जुने अद्रक पुरेसे होते.

कृती सोपी आहे. अद्रक स्वच्छ धुऊन, माती राहिली नसल्याची खात्री करून सालीसकट किसावे. दीड-दोन लिटर पाण्यात साखरेसह उकळून वीसेक मिनिटे झाकून ठेवावे. मलमलच्या फडक्यातून बरणीत गाळावे आणि वर गार पाणी घालून पाच लिटर करावे. मिश्रण तीस अंशांच्या खाली आल्यावरच चार-पाच लिंबांचा रस आणि भिजवलेले यीस्ट घालावे. गरम द्रव काचेच्या बरणीत थेट ओतू नये, कारण जाड काच अचानक तापली की तडकते. आधी निम्मे गार पाणी बरणीत घेऊन मग त्यावर अर्क गाळणे सुरक्षित असते. किटमधील सायट्रिक ॲसिडऐवजी मी लिंबेच घेतली. आंबटपणाचे काम केवळ चवीचे नसते. आम्ल द्रवात नको असलेले जिवाणू सहज वाढत नाहीत.

साखरेच्या बाबतीत पुस्तिकेत एक विधान साफ चुकीचे आहे. यीस्टला पुरेसे खाद्य मिळावे म्हणून लिटरला शंभर ग्रॅम साखर आवश्यक आहे, असे ती सांगते. प्रत्यक्षात अर्ध्या टक्क्यावर थांबायचे असेल तर यीस्टने लिटरमागे आठ-नऊ ग्रॅमच साखर खायची असते. बाकीची नव्वद ग्रॅम जशीच्या तशी राहते, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात अठरा ग्रॅम साखर पोटात जाते आणि हे प्रमाण बाजारातील कोल्ड्रिंकच्या जवळपास पोहोचते. साखर साठ ग्रॅमवर आणली तरी यीस्टचे काही अडत नाही आणि पेयाचा तिखटपणा उलट अधिक खुलतो. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. 'घरी केलेले, नैसर्गिक' या शब्दांनी साखर कमी होत नाही. गुळाचाही प्रयोग केला. रंग सुंदर येतो, पण गुळाचा खारटपणा आणि मातकट वास अद्रकावर चढतो, आणि उकळताना येणारी मळी सतत काढावी लागते. निम्मी साखर, निम्मा गूळ येथपर्यंत मला चव मान्य आहे.

आता या किटमधील सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत फसव्या वस्तूकडे, हायड्रोमीटरकडे येऊ. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर पाहिलेल्यांना तो नवा वाटणार नाही. द्रव जितका दाट, तितका तो वर तरंगतो. साध्या पाण्याचा आकडा १.००० धरला तर लिटरला शंभर ग्रॅम साखर असलेले मिश्रण सुमारे १.०३८ दाखवते. साखर कमी होऊन अल्कोहोल वाढले की आकडा उतरतो, आणि किती उतरला यावरून अल्कोहोल काढता येते : फरकाला साधारण १३१ ने गुणले की टक्केवारी मिळते. या हिशेबाने अर्धा टक्का म्हणजे आकड्यातील ०.००४ ची घट, म्हणजे किटमधील हायड्रोमीटरच्या पट्टीवरील अवघ्या दोन बारीक रेघा. माल्टच्या बीअरमध्ये आकडा ०.०४० ने वगैरे उतरतो, तेथे एक रेघ इकडेतिकडे झाली तरी चालते. जिंजर बीअरसाठी मात्र हे माप फार भरड आहे.

यात आपल्या हवेची भर पडते. हायड्रोमीटर वीस अंश तापमानासाठी आखलेला आहे, हे त्याच्या नळीतील कागदावर अगदी लहान अक्षरांत लिहिले आहे. पुस्तिकेत त्याचा उल्लेख नाही. तापलेले पाणी पातळ होते, आणि पस्तीस अंशांवर तेच द्रावण वीस अंशांपेक्षा जवळपास ०.००४ ने कमी आकडा दाखवते. म्हणजे सकाळी गार पाणी घालून केलेल्या मिश्रणाचा आकडा घेतला आणि एप्रिलच्या दुपारी पुन्हा घेतला, तर यीस्टने साखरेचा कणही खाल्ला नसला तरी अर्धा टक्का अल्कोहोल झाल्याचा भास होतो. उलटही होऊ शकते : आरंभीचा आकडा कोमट मिश्रणाचा आणि शेवटचा फ्रीजमधील नमुन्याचा असेल, तर झालेले अल्कोहोल झाकले जाते. उपाय एवढाच की दोन्ही वेळा नमुना उभ्या नळीत घेऊन, फ्रीजमध्ये वीस अंशांपर्यंत गार करून, फसफस हलवून काढून टाकून मगच वाचावा. बुडबुडे चिकटले की हायड्रोमीटर वर उचलला जातो. ज्या किटचा मुख्य दावा अल्कोहोलविषयी आहे, त्याने निदान तापमानाच्या दुरुस्तीचा एक लहान तक्ता द्यायला हवा होता.

हायड्रोमीटरपेक्षा विश्वासाचा एक हिशेब वायूचा आहे आणि तो मला किटमधील कोणत्याही वस्तूहून उपयोगी वाटला. एक ग्रॅम साखर आंबली की साधारण अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि अर्धा ग्रॅम अल्कोहोल होते. बंद बाटलीत वायू बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून लिटरमागे चार ग्रॅम वायू साठला की चार ग्रॅम अल्कोहोल झाले असे समजावे; अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाच मिलिलिटरच्या आसपास भरते, म्हणजे बरोबर अर्धा टक्का. बीअरमध्ये लिटरला सुमारे पाच ग्रॅम आणि कोल्ड्रिंकमध्ये सहा ते आठ ग्रॅम वायू असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. खोक्यावर लिहिल्याप्रमाणे 'सोड्यासारखी जोरदार फसफस' हवी असेल तर अर्धा टक्का ओलांडावाच लागतो. आणि अर्ध्या टक्क्यात राहायचे असेल तर बीअरपेक्षा किंचित मऊ फसफस स्वीकारावी लागते. बसस्थानकाजवळ मिळणाऱ्या गोटी सोड्याचा तो नाकात जाणारा झटका येथे अपेक्षू नये. त्यात वायू यंत्राने भरलेला असतो.

याच हिशेबाने पुस्तिकेतील आणखी एक सल्ला उलटा ठरतो. बाटली फुटू नये म्हणून रोज झाकण उघडून वायू सोडा, असे ती सुचवते. वायू निघून जातो, पण अल्कोहोल बाटलीतच राहते. यीस्ट पुन्हा कामाला लागते आणि दर वेळी फसफस तेवढीच असली तरी अल्कोहोल वाढत जाते. रोज वायू सोडलेली बाटली आठवडाभर बाहेर ठेवली तर तिच्यातील पेयाला जिंजर बीअर म्हणणे ही स्वतःची फसवणूक होईल. याच न्यायाने बरणीत एअरलॉक लावून दिवसेंदिवस आंबवत ठेवणेही चुकीचे आहे, कारण एअरलॉकचे कामच वायू बाहेर सोडण्याचे आहे. माझ्या मते या किटमध्ये एअरलॉक माल्टच्या किटमधून तसाच उचलून घातलेला आहे. मिश्रण मुरण्यापुरते काही तास बरणी फडक्याने बांधून ठेवली की पुरते. चिलटे मात्र आत जाता कामा नयेत. त्यातही आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एअरलॉकमधील पाणी थोड्याच दिवसांत उडून जाते, याचीही पुस्तिकेला कल्पना नाही.

तापमानाचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. नोव्हेंबर ते जानेवारीच्या अखेरीपर्यंत आमच्याकडील सिडकोतील घरांत खोलीचे तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास राहते आणि त्या काळात हे किट जवळपास पुस्तिकेत लिहिल्यासारखे वागते. बाटली भरल्यापासून दीड-दोन दिवसांत हवी तेवढी फसफस येते. मार्चनंतर हिशेब बदलतो. परभणी, नांदेड, संभाजीनगर येथे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, घराच्या आतही पस्तीस अंश सहज असतात आणि आंबण्याची क्रिया स्वतःही उष्णता सोडते. तीस अंशांच्या वर यीस्ट घाईने काम करते आणि घाईत रंगाच्या थिनरसारखा एक उग्र वास सोडते. पुस्तिका बाटल्या 'उबदार जागी आठवडाभर' ठेवायला सांगते. येथे उन्हाळ्यात तसे केले तर बाटल्या फुटणारच : शंभर ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर लिटरला पन्नास ग्रॅमपर्यंत वायू होऊ शकतो, म्हणजे बीअरच्या दहापट, आणि त्याच्या कितीतरी आधी कोणतीही काच हार मानते. या एका वाक्यासाठी विक्रेत्याने पुस्तिका मागे घेऊन नवी छापावी, असे मी त्यांना लिहून कळवले आहे.

उन्हाळ्यात करायचेच असेल तर बरणी पाण्याच्या परातीत ठेवून तिच्याभोवती ओले सुती फडके गुंडाळावे आणि समोर पंखा लावावा. मातीच्या माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने बरणीही पाच-सात अंशांनी गार राहते. कूलरच्या हवेत हे आणखी चांगले साधते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असल्याने हा उपाय निम्माच चालतो, पण तेव्हा बाहेरचा पाराही उतरलेला असतो.

बाटली कधी थांबवायची हे ओळखण्याची खरी युक्ती किटमध्ये नाहीच, ती रद्दीत आहे. बाटल्या भरताना एक भाग रिकाम्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरावा आणि ती काचेच्या बाटल्यांशेजारीच ठेवावी. आरंभी ती दाबली की बोटे आत जातात. वायू साठू लागला की ती ताठ होते. बोटाने जोर लावल्यावर थोडीच दबते, अशा टप्प्यावर सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये जाव्यात. पूर्ण दगडासारखी होण्याची वाट पाहू नये. मे महिन्यात हा टप्पा पहाटे भरलेल्या बाटलीत त्याच दिवशी रात्रीपूर्वी येऊ शकतो. मी पुढे पुढे सर्वच पेय प्लास्टिकच्या बाटल्यांत भरू लागलो, कारण त्या अधिक दाब सोसतात आणि गेल्या तरी काचा उडत नाहीत. किटमधील दोन लिटरची उणीवही त्यांनीच भरून निघते. अर्थात मग सहा देखण्या बाटल्यांचे पैसे कशासाठी दिले, हा प्रश्न उरतोच.

फ्रीजबद्दलही एक गोष्ट आपल्याकडे वेगळी सांगावी लागते. थंडीने यीस्ट मरत नाही, झोपते. वीज गेली, फ्रीज चार-सहा तास बंद राहिला की बाटलीतील यीस्ट पुन्हा जागे होते आणि भरपूर साखर समोर असल्याने कामाला लागते. भारनियमन असलेल्या गावांत आणि उन्हाळी वादळाने रात्रभर वीज जाणाऱ्या भागांत काचेच्या बाटल्या फ्रीजमध्ये साठवून ठेवू नयेत. केलेले पेय चार-पाच दिवसांत संपवावे आणि वीज जाऊन आल्यावर बाटली उघडताना तोंड चेहऱ्यापासून दूर धरावे.

पाण्याचे दोन मुद्दे आहेत, एक गुणवत्तेचा आणि दुसरा प्रमाणाचा. गुणवत्तेचा मुद्दा लवकर संपतो : बोअरचे जड पाणी अद्रकाचा तिखटपणा बोथट करते आणि लिंबाचा आंबटपणा खाऊन टाकते, नळाच्या पाण्यात क्लोरिनचा वास असेल तर ते उकळून किंवा रात्रभर उघडे ठेवून घ्यावे, फिल्टर प्लांटच्या जारचे पाणी सर्वांत निर्धोक. प्रमाणाचा मुद्दा मात्र मराठवाड्यात गंभीर आहे. पुस्तिका प्रत्येक वस्तू आधी साबणाने, मग साध्या पाण्याने, मग पावडरच्या द्रावणाने आणि शेवटी तीन वेळा गरम पाण्याने धुवायला सांगते. पाच लिटर पेयासाठी असे पंचवीस-तीस लिटर पाणी सहज जाते. संभाजीनगरला जायकवाडीचे पाणी मिळत असूनही कित्येक वसाहतींत नळाला आठवडाभराने पाणी येते, आणि २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला होता आणि वाळूजच्या बीअर कारखान्यांची चर्चा घरोघरी झाली होती. अशा ठिकाणी छंदासाठी एवढे पाणी सांडणे मला बरे वाटत नाही. किटमधील पावडर ऑक्सिजन सोडणाऱ्या प्रकारची आहे. बरणी लगेच धुतली, गाळ वाळू दिला नाही, तर अर्ध्या बादलीत द्रावण करून त्यातच सगळ्या वस्तू क्रमाने बुडवता येतात आणि उकळून गार केलेल्या थोड्या पाण्याने एकदा विसळले की काम होते. उरलेले पावडरचे पाणी अंगण धुण्यास वापरता येते. कुंड्यांना मात्र ते घालू नये.

चव कशी झाली, हे थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी अद्रकावर अवलंबून आहे आणि किटचा तिच्यात वाटा कमी आहे. जुने अद्रक, साठ ग्रॅम साखर आणि हिवाळ्याचे तापमान असे जमले तेव्हा पेय पिवळसर गढूळ, बारीक बुडबुड्यांचे आणि घशात ऊब ठेवणारे झाले. मागाहून यीस्टची किंचित चव राहते. ती काहींना आवडत नाही. बाटलीच्या तळाशी गाळ असतो, म्हणून ओतताना शेवटची दोन बोटे बाटलीतच राहू द्यावीत. धपाटे आणि दह्याच्या चटणीसोबत ते मला सर्वांत जास्त आवडले.

पाहुण्यांना देताना मात्र एक पथ्य पाळावे. आपल्याकडे प्रत्येक घरात एखादी माळकरी व्यक्ती असते, कोणी औषधे घेत असते, कोणी दारू सोडलेली असते, आणि लहान मुले तर फसफसणारे काहीही मागतातच. पेयात अल्प का होईना अल्कोहोल आहे हे आधी सांगून मगच पेला पुढे करावा. 'अद्रकाचे सरबत आहे, घ्या काका' एवढेच म्हणून भागवू नये. आमच्याकडे मुलांसाठी त्याच अर्कात यीस्ट न घालता बाहेरून आणलेला साधा सोडा मिसळतो, आणि खरे सांगायचे तर घाईच्या दिवशी मीही तेच पितो.

विक्रेत्याच्या सेवेविषयी तक्रार नाही. सैल बुचाबद्दल कळवताच दुसरे बूच विनामूल्य आले आणि फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीने मराठीत नीट उत्तरे दिली. हायड्रोमीटरच्या तापमानाचा मुद्दा मात्र त्यांना नवा होता. संपूर्ण किट घेण्याऐवजी हायड्रोमीटर, यीस्ट आणि निर्जंतुकीकरणाची पावडर एवढेच सुटे घेतले, बरणी घरातील लोणच्याची वापरली आणि बाटल्या प्लास्टिकच्या घेतल्या, तर खर्च हजाराच्या आत येतो. लोणच्याच्या बरणीला तेलाचा आणि हिंगाचा वास राहिलेला नसावा, एवढी काळजी घ्यावी. भेट म्हणून द्यायचे असेल तर किटचे खोके देखणे आहे. फक्त त्यावर मोठ्या अक्षरांत 'बीअर' छापलेले असल्याने ते कोणाच्या हाती पडेल याचा विचार आधी करावा.

किटसोबत 'रिफिल'चे पाकीट पुन्हा पुन्हा विकत घेण्याचा आग्रह केला जातो, त्याची गरज नाही. बाटल्यांच्या तळाचा पांढरट गाळ म्हणजे जिवंत यीस्टच असते. इंग्लंडमध्ये पूर्वी घरोघरी जिंजर बीअरचे असेच विरजण सांभाळले जाई आणि शेजाऱ्यांना दिले जाई. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ते यीस्ट आणि जिवाणू यांचे एकत्र नांदणारे मिश्रण असल्याचे दाखवले होते. आपला गाळ तसा जुना आणि स्थिर नसतो, त्यामुळे तो उकळलेल्या भांड्यात काढून, झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, आठवड्याच्या आत दोन चमचे पुढच्या बरणीला घालावा आणि असे तीन-चार वेळा केल्यावर किंवा वास आंबूस बदलल्यास टाकून देऊन पुडीतील नवे यीस्ट घ्यावे.